बागुलबुवा विकणे आहे!

मध्यम उद्योगांना आयटी सिक्युरिटी विकणाऱ्यांची प्रेझेंटेशन्स एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्या स्लाइडवर हूडी घातलेला, तोंड न दिसणारा माणूस. दुसरीवर जगाचा काळा नकाशा आणि लाल रेघा. तिसरीवर दंडाचा आकडा. चौथीवर खोका, म्हणजे फायरवॉल. यात ग्राहकाचा कारखाना कुठेच नाही!

आणि समोर कोण बसलेलं असतं? भोसरीचा नाहीतर चाकणचा एखादा कारखानदार. दीडशे कामगार, चाळीस कॉम्प्युटर, टॅली, एक ईआरपी, आणि "आयटी डिपार्टमेंट" म्हणजे प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळं बघणारा एकच पोरगा. एप्रिल २०२५ पासून सरकारी व्याख्येत ५०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योगही "मध्यम" धरला जातो. उलाढाल वाढते हो, पोरगा मात्र बरेचदा एकच राहतो.

माझं स्पष्ट मत आहे की भीती घालून सिक्युरिटी विकणं ही नुसती वाईट सवय नाही, त्याने ग्राहक जास्त असुरक्षित होतो. कारण घाबरलेला माणूस ताईत विकत घेतो. एकदा ताईत बांधला की तो निर्धास्त! सुरक्षितता मात्र केर काढण्यासारखी आहे. काल काढला म्हणून आज सुट्टी नाही.

आता तुम्ही म्हणाल, धोका काय खोटा आहे का? अजिबात नाही. पण विक्रेते ज्या गोष्टी सांगून घाबरवतात, त्याच नीट वाचा. वॉनाक्रायने १२ मे २०१७ ला जगभर धुमाकूळ घातला. मायक्रोसॉफ्टचा पॅच आला होता १४ मार्चला! दोन महिने तो लावायला कुणाला वेळ झाला नाही. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आला, तोही युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि त्याने आपल्या न्हावा-शेव्याला मर्स्क समूहाचं टर्मिनल बंद पाडलं. मर्स्कचे डोमेन कंट्रोलर्स पुसले गेले. एक वाचला घानाच्या ऑफिसात, कारण तिथे नेमकी वीज गेली होती. लोडशेडिंगने तारलं म्हणायचं!

चाकणवाल्यांनी तर जपानची गोष्ट पाठच करावी. कोजिमा नावाच्या पुरवठादाराची सिस्टिम हल्ल्यात बंद पडली आणि १ मार्च २०२२ ला टोयोटाचे तिथले सगळे १४ कारखाने एक दिवस थांबले. उद्या आपल्याकडे असं झालं तर टोयोटा तरून जाईल. पुरवठादाराची ऑर्डर जाईल, आणि दीडशे घरांचा पगार.

मग या गोष्टींतून धडा काय? वेळेवर पॅच, नेटवर्कपासून तोडून ठेवलेला बॅकअप, आणि बंद पडल्यावर उभं राहायची तयारी. विकलं काय जातं? खोका. शिवाय वर्षातून एकदा व्हीएपीटीचा दोनशे पानी रिपोर्ट. एखाद्या टूलने ओकलेला, वर फक्त लोगो बदललेला. असे रिपोर्ट मी पाहिलेत. त्या एकट्या पोराने ते वाचायचे कधी आणि दुरुस्ती कुठून सुरू करायची, हे त्यात कुठेच नसतं.

कायद्याचंही तेच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातला २५० कोटींचा दंड स्लाइडवर ठळक अक्षरात असतो. ती कमाल मर्यादा आहे, हे कोण सांगणार? सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. पण रविवारी पहाटे हल्ला झाला तर विक्रेता फोन उचलणार का? करारात ते एक वाक्य शोधून दाखवा.

यावर सेल्सवाल्यांचं ठरलेलं उत्तर: "घाबरवल्याशिवाय मालक पैसे सोडत नाही." साफ खोटं. हाच मालक मशीनचं एएमसी भरतो, आगीचा विमा काढतो, मायक्रोमीटरसुद्धा वेळेवर कॅलिब्रेट करून त्यावर तारखेचं स्टिकर लावतो. देखभाल म्हणजे काय हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला त्याच्या भाषेत विचारा: "सर्व्हर मंगळवारी गेला तर गुरुवारचं डिस्पॅच होईल का?" बघा तो कसा पुढे सरकून बसतो ते.

मग विकायचं काय? माझी यादी छोटी आहे:

१. दर तीन महिन्यांनी मालकासमोर, घड्याळ लावून, बॅकअप परत आणून दाखवणे.
२. मेल, बँक आणि बाहेरून होणाऱ्या लॉगिनला ओटीपीसारखं दुसरं कुलूप. नोकरी सोडणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद.
३. कुठला पॅच लागला, कुठला राहिला आणि का, याचं महिन्याला एकच पान. मराठीत.
४. पुरवठादाराचा बँक खाते नंबर बदलल्याचा मेल आला, तर आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन केल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. खर्च शून्य. म्हणूनच हे कुणी विकत नाही!

यात खोका लागणार नाही असं नाही. लागेल. पण तो यादीत पाचवा, आणि त्याचे नियम दर महिन्याला कोण तपासणार हे ठरल्यावर.

असो. हे वाचणाऱ्यांपैकी बरेचजण याच धंद्यात आहेत, प्रीसेल्समध्ये तर नक्कीच. सोमवारी कुणाला डेमो द्यायचा असेल तर तो हूडीवाला डिलीट करा आणि आधी एवढंच विचारा, "बॅकअप शेवटचा कधी परत आणून बघितला होता?" समोरचे एकमेकांकडे बघायला लागले, तर लॅपटॉप मिटा आणि सर्व्हर रूम कुठे आहे ते विचारा.