बांधावर सांडलेलं दूध

दुधाबद्दल अशा पानांवर पुष्कळ छापून येतं. फॅट, दर, चारा, गाईची दगडी, सगळं येतं. आज लिहायचं आहे ते अशा दुधाबद्दल, ज्याचा दर कुठल्याच डेअरीच्या फळ्यावर लागत नाही. विषय बाईमाणसाचा आहे म्हणून पान उलटू नका. गोष्ट तुमच्याच वावरातली आहे.

निफाड, येवला, चांदवडकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड चालते. बायांच्या टोळ्या पिकअपमध्ये दाटीवाटीने बसून वीस-वीस किलोमीटरवरून येतात. सकाळी सातला घर सोडायचं, दिवेलागणीला परत. अशाच एका लागवडीवर मी पाहणीला गेले होते. बावीस-तेवीस वर्षांची एक पोरगी वाफ्यातून उठली आणि बांधाआड गेली. दहा-पंधरा मिनिटांनी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. विचारलं, तर म्हणाली, "ताई, लई ठणकत होतं. पिळून टाकलं." घरी तीन महिन्यांचं बाळ, आजीपाशी. आजी त्याला काय पाजते? "म्हशीचं, पाणी घालून. आत्याबाई म्हणतात, तुझं आटतच चाललंय."

म्हणजे इकडं आईचं दूध मातीत, आणि तिकडं लेकराच्या पोटात पाण्यातलं म्हशीचं दूध. त्याने पोराला ढाळ लागले की दवाखान्याचा खर्च त्याच लागवडीच्या मजुरीतून जायचा. हा कसला हिशेब?

तुम्ही सगळे जनावरं सांभाळणारी माणसं, म्हणून तुमच्या भाषेत सांगते. बाईला गाईची उपमा दिली म्हणून कुणी रागावू नये. गाय वेळेवर पिळली नाही, कास भरलेली ठेवली, तर काय होतं? एक तर ती आटते, नाहीतर दगडी होते. बाईचंही तसंच आहे. दूध जेवढं निघेल तेवढं नवं तयार होतं. तुंबून राहिलं की शरीर समजतं, आता गरज नाही. गाठी होतात, ताप येतो, आणि महिनाभरात "हिला दूधच नाही" असा शिक्का बसतो. दूध नव्हतं असं नाही, ते काढायला सवड नव्हती.

उपाय साधा आहे. दूध काढायचं आणि टाकून न देता झाकून ठेवायचं. हे शहरी थेर आहे असं म्हणणारे भेटतात, म्हणून सांगते. मुंबईत सायनच्या पालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी काढली. आशियातली ती पहिली. दिवस भरायच्या आत जन्मलेली, मूठभर वजनाची पोरं तिथं दुसऱ्या आयांच्या दुधावर वाढली. तिथं दूध तपासून, ठरलेल्या उष्णतेवर तापवून, गोठवून ठेवतात. ते घरी करायचं काम नाही. घरी आपल्याच आईचं आपल्याच बाळाला, एवढंच बघायचं.

त्याला महागडं यंत्र लागत नाही. हाताने काढता येतं. साबणाने हात धुवायचे. रुंद तोंडाची स्टीलची वाटी किंवा डबा, झाकणासकट उकळून घेतलेला. छाती जरा गरम कापडाने शेकून हलकी चोळायची, म्हणजे पान्हा फुटतो. अंगठा वर, बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेला धरून आधी छातीकडे दाबायचं आणि मग पिळायचं. बोंड ओढायचं नाही, त्याने नुसतं दुखतं. पहिल्या दिवशी दोन चमचे निघालं तरी घाबरू नये, हाताला सवय व्हावी लागते. बाळाची आठवण काढली, त्याचं झबलं जवळ ठेवलं, तरी पान्हा लवकर येतो. हातपंप मेडिकलमध्ये मिळतो आणि तो चांगलाही असतो, पण रबरी फुग्याचा जुना पंप घेऊ नये. त्याच्या फुग्यात दूध शिरून राहतं आणि तो नीट धुतला जात नाही.

आता ठेवण्याचं. इथं घड्याळ पाळायचं. २५ अंशांपर्यंतच्या गारव्यात हे दूध झाकून ४ तास राहतं. फ्रीजमध्ये, दारात नाही तर आत मागच्या बाजूला ठेवलं तर ४ दिवस. पण आपल्याकडे वीज कधी जाते ते फ्रीजलाही ठाऊक नसतं, तेव्हा गावात दुसऱ्या दिवसावर ठेवू नका. निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे लागवडीच्या दिवसांत सावलीत ४ तास बहुतेक निभतात. मार्च-एप्रिलला कांदा काढणीत पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा हे गणित चालणार नाही. गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या घातलेली बंद पेटी असेल तर दिवस निघतो. (जनावरांच्या लसीची पेटी मात्र त्यासाठी वापरू नका. एकाने मला तसं सुचवलं होतं.) विटा आणि ओल्या वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष आम्ही भाजीपाल्यासाठी शिकवतो. उन्हाळ्यात त्यात बाहेरपेक्षा १० ते १५ अंश कमी असतात. घरी फ्रीज नसेल तर डबा त्यात किंवा पाण्याच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवावा, पण तो फ्रीज नव्हे. ४ तासांच्या पुढं जायचं नाही, आणि भर उन्हाळ्यात तर त्याच्याही आत पाजून मोकळं व्हायचं.

याचा दिवसभराचा मेळ असा बसतो. सकाळी निघताना बाळाला पाजायचं, राहिलेलं काढून आजीजवळ द्यायचं. ते थंडीत साडेदहा-अकरापर्यंत चालेल. दुपारी दोनला वावरात काढलेलं दूध लगेच घराकडे निघालं तर सहाच्या आत पोचतं. सकाळी दहाचं मात्र बर्फाच्या पेटीशिवाय उरत नाही. नाहीच उरलं तरी काढायचं ते काढायचंच, कारण दूध टिकतं ते काढल्यामुळे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर मधल्या वेळचा प्रश्न राहतोच, हे मी झाकत नाही. अशा आईला आठ-दहा तास लांब नेऊच नये. जवळचं वावर द्यावं, नाहीतर बाळ आणि आजी दोघांना पिकअपमध्ये जागा द्यावी.

खरी अडचण दुधाची नाहीच. ती उक्त्याची आहे. लागवड एकरावर ठरते आणि पैसे टोळीत वाटले जातात. एक बाई अर्धा तास उठली की बाकीच्या कुरकुरतात, आणि त्यांचंही चुकत नाही, कंबर त्यांचीही मोडते. मुकादमीण म्हणते, "लेकुरवाळी नको बाई टोळीत." म्हणून ही पोरगी बांधाआड पळत जाते, पिळते आणि पळत येते. माझं म्हणणं एवढंच, की उक्तं ठरवतानाच लेकुरवाळीची दोन वेळची वीस-वीस मिनिटं त्यात धरावीत आणि तिचा वाटा पुरा ठेवावा. तेवढा भार वावराच्या मालकाने घ्यावा. रोपाला, खताला, औषधाला आपण खर्च करतो, त्यात हा दिसणारसुद्धा नाही. झाडाखाली जुन्या साडीचा आडोसा, एक हंडा स्वच्छ पाणी, साबणाची वडी, एवढंच लागतं. आणि एक खात्यातर्फे सांगते. पाजणाऱ्या बाईच्या हातात कीटकनाशक कालवायला देऊ नका, फवारलेल्या वाफ्यात लगेच पाठवू नका.

नोकरदार बाईला पोर १५ महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन जादा सुट्ट्या १९६१ च्या कायद्याने दिल्या. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यातही लिहिलं होतं, की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी. किती कामांवर अशी बाई दिसली, ते ग्रामसेवक आणि रोजगार सेवकांनी आपापल्या मनाशी विचारावं. उक्त्याच्या टोळीला तर असा कागदसुद्धा नाही. सरपंचांनी लागवडीआधीच्या ग्रामसभेत हा विषय घेतला तर आशाताई आणि अंगणवाडीताई दूध काढायचं शिकवायला येतील.

दुसऱ्याला सांगते, पण मीही हे भोगलं आहे. बाळंतपणाची रजा संपल्यावर चार गावं फिरायची होती. एका कार्यालयात दूध काढायला जागा मागितली तर खताच्या पोत्यांची खोली दाखवली. कडी नव्हती. दाराला पाठ लावून बसले आणि काढलेलं दूध मोरीत ओतलं. ते अजून विसरले नाही.

त्या पोरीच्या घरी नंतर मी गेले. आजीशी बोलायचं होतं, कारण पाजणार ती. तिच्या मनात दोन शंका होत्या. एक, उन्हात राबलेल्या बाईचं दूध तापलेलं असतं, ते बाधतं. मी म्हटलं, अंगातलं दूध उन्हाने तापत नाही, घरी आल्याआल्या खुशाल पाजू द्या. दुसरी, काढलेल्या दुधाला दृष्ट लागते. त्यावर मी वाद घातला नाही. झाकण घट्ट लावा म्हटलं, कुणाला दिसणारच नाही. बाटली आणू नका, वाटी-चमच्याने पाजा, किंवा घरात जुनं बोंडलं असेल तर रोज उकळून तेच वापरा. दूध गॅसवर ठेवायचं नाही, वाटी कोमट पाण्यात धरायची. बाळाने उष्टं केलेलं दोन तासांच्या पुढं ठेवायचं नाही.

म्हातारीने सगळं ऐकून घेतलं. मग डब्याचं झाकण उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "वर साय धरलीय की हो. काढून घ्यायची का?"

"काढायची नाही आजी. डबा हलकेच हलवायचा आणि सायीसकट पाजायचं."