पणत्यांपुरतेच का?



बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना महाविद्यालयात घेणे म्हणजे जागा अडवणे, त्यांना पणत्या-मेणबत्त्यांची कार्यशाळा पुरे, असे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे आहे. ते मन दुखावणारे आहेच, शिवाय चुकीचेही आहे.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी आहे. शिक्षणच नाकारले, तर या जागा भरणार कोण?

जुहूचे ‘कॅफे अर्पण’ पाहावे. २०१८ पासून तिथे विकासात्मक दिव्यांगत्व असलेले प्रौढ पदार्थ बनवतात, गिऱ्हाइकांना वाढतात. अशा कामाच्या प्रशिक्षणात एकच काम छोट्या-छोट्या पायऱ्यांत शिकवतात, चित्रांची यादी समोर लावतात आणि सुरुवातीला प्रशिक्षक कामाच्या जागी सोबत राहतो. मग तो हळूहळू बाजूला होतो.

अहिल्यानगरला असे प्रशिक्षण अशक्य नाही. नागापूर आणि सुपे इथे एमआयडीसी आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ. पॅकिंग, रोपवाटिका, ग्रंथालयात पुस्तके लावणे अशी कामे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षापासूनच शिकवता येतील. सोबत एसटीने एकट्याने जाणे, पगाराची पावती वाचणे आणि ‘साहेब, कळले नाही, पुन्हा सांगा’ म्हणण्याचे धैर्यही. पुष्कळदा नोकऱ्या इथेच सुटतात, हातातल्या कामात नव्हे!

महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कक्षांनी येत्या सत्रापासून या विद्यार्थ्यांची नावे आपल्या यादीत घ्यावीत.

— एक वाचक, अहिल्यानगर