पॅडमधला डेटा आणि पॅडवाल्याचा कान

एप्रिल उजाडला की छत्रपती संभाजीनगरात पॅडवाल्याला उसंत नसते. 14 तारखेच्या आगेमागे भीमगीतांचे कार्यक्रम, त्यातच लग्नसराईतल्या हळदी आणि वराती. एकाच रात्री त्याने हलगीही वाजवायची, ढोलकीही, कोंगोही आणि मधूनच तबलाही. हाताशी मात्र आठ रबरी पॅड. कोणत्या पॅडवर कोणता आवाज, तो किती चढा, किती रेंगाळणारा, या सगळ्या मांडणीला ही मंडळी ‘डेटा’ म्हणतात. हा डेटा आता मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून थेट यंत्रात पाठवता येतो. केबल लावायची, पॅच, म्हणजे आठही पॅडची एक तयार मांडणी, निवडायचा, बटण दाबायचे. जुन्या वादकांच्या मते ही पळवाट, नव्यांच्या मते सुटका. माझ्या मते निवाडा करण्याआधी त्या केबलमधून नेमके काय जाते, ते पाहायला हवे.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेले रोलँडचे एसपीडी-20 घ्या. त्यात 700 आवाज कारखान्यातूनच भरून येतात आणि 99 पॅच साठवायला जागा असते. फोन या यंत्रात एकही नवा आवाज घालू शकत नाही. तो पाठवतो निव्वळ आकडे: या पॅडवर अमुक क्रमांकाचा आवाज, त्याची पट्टी इतकी, जोर इतका, लांबी इतकी. ही भाषा मिडीची, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरीव पद्धतीची. जानेवारी 1983 मध्ये अमेरिकेतल्या एका व्यापारी प्रदर्शनात रोलँडचा ज्युपिटर-6 आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचा प्रॉफेट-600 ही दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखवली गेली. त्यामागच्या दोघांना, इकुतारो काकेहाशी आणि डेव्ह स्मिथ यांना, तीस वर्षांनी, 2013 मध्ये, तांत्रिक कामगिरीचे ग्रॅमी मिळाले. ती जुनी पाच पिनांची मिडी अजूनही सेकंदाला 31,250 बिट याच वेगाने चालते. आजच्या फोनपुढे हा वेग हास्यास्पद, पण काही शे आकड्यांचा पॅच पोचवायला पुरून उरतो.

पॅच घेऊन जाणारा मिडीचा निरोप 240 या आकड्याने सुरू होतो, 247 ने संपतो आणि मधले सगळे आकडे 0 ते 127 च्या आत राहतात. कंपनीचीही ओळख सुरुवातीलाच सांगावी लागते, रोलँडची 65. शेवटी पडताळणीचा एक आकडा असतो. बेरीज जुळली नाही तर यंत्र तो निरोप मानत नाही. पुष्कळांचे घोडे इथेच अडते. स्वस्तातल्या यूएसबी-मिडी केबलमधून सूर वाजवले तर सगळे ठीक चालते, पण लांबलचक डेटा पाठवला की मधलेच काही आकडे गळतात. मग शिव्या अ‍ॅपला बसतात आणि केबल नामानिराळी राहते.

आता या सोयीचे मोल पाहू. पॅडच्या इवल्याशा पडद्यावर बटणे दाबत आठही पॅडचे आकडे बदलणे हे कंटाळवाणे काम आहे, आणि एका कार्यक्रमाला असे दहावीस पॅच लागतात. ते ज्याला जमे त्याच्याकडे पॅड घेऊन जायचे, त्याच्या सवडीने थांबायचे आणि तो हातचे राखून जे भरून देईल त्यावर समाधान मानायचे, अशी रीत होती. कन्नड, सिल्लोड किंवा वैजापूरच्या पोराला त्यासाठी शहर गाठावे लागे. आज तो घरबसल्या पैसे मोजून पॅच घेतो. विकणारे बहुतेक स्वतःच वादक असतात, म्हणजे कलाकाराच्याच हातात दोन पैसे पडतात. 2016 च्या ‘सैराट’ चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद बसवला होता. त्याच गाण्यांची मागणी आपल्या शहरातल्या टीव्ही सेंटरजवळच्या हळदीत होते तेव्हा आठ पॅडवाल्याने काय करावे? तयार पॅच त्याची लाज राखतो, एवढे मान्य करायला हवे.

कष्ट वाचले म्हणून कला बुडाली, हा आरोप मला पटत नाही. 1979 मध्ये बंगळुरूच्या राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला. आज ती पेटी किंवा तिची जागा घेणारे अ‍ॅप नसलेले गाण्याचे घर शोधावे लागेल. शिवाय हलगीवाला आणि ढोलकीवाला यांचे मानधन या आठ पॅडच्या यंत्राने, ऑक्टापॅडने, कधीच आपल्याकडे ओढले होते. त्याचा दोष मोबाइलच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

दुसरी तक्रार मात्र गंभीर आहे. गायिका काळी दोनमध्ये गाते आणि पॅचमधली ढोलकी पांढरी चारला लावलेली असते. ज्याने आपल्या हाताने पॅच बांधले आहेत तो पट्टीचा आकडा सरकवून मोकळा होतो. ज्याने फक्त बटण दाबले आहे त्याला कुठे काय खटकते हेही कळत नाही, आणि कळले तरी उपाय सापडत नाही. हलगी वाजवणारा वाजवण्याआधी ती शेकतो, बोट मारून ऐकतो, पुन्हा शेकतो. त्या ऐकण्यातून जो कान तयार होतो, तो पॅचसोबत पाठवता येत नाही. म्हणून सारखे वाटते की सगळ्या स्टेजवर एकच हलगी वाजते आहे. पण हा दोष पाठवण्याचा नाही, पाठवलेले न उघडण्याचा आहे. त्यातला प्रत्येक आकडा वादकाला दिसतो, बदलता येतो. न्याहाळून पाहिला तर तयार पॅच हाच एक धडा ठरतो.

कीबोर्डचे गणित वेगळे. तिथे आकड्यांऐवजी ध्वनिमुद्रित आवाजच येतो. कुण्या संबळवाल्याने वाजवलेला ठेका कापून, साफ करून ‘टोन’ म्हणून विकला जातो आणि मग तोच फुकटात हातोहात फिरतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीपासून 60 वर्षे संरक्षण आहे. ज्याचा हात त्या संबळावर होता त्याचे नाव मात्र त्या फाइलवर क्वचितच असते. इथे मी सोयीच्या बाजूने उभा राहणार नाही. पॅचची किंमत द्यावीच, पण टोन घेताना वाजवणारा कोण आणि त्याला काय मिळाले, हे विचारावे. उत्तर नसेल तर घेऊ नये.

उरला भरवशाचा प्रश्न. सगळा संच एकदम पाठवला की पॅडमधले जुने पॅच पुसले जातात; वर्षभर जुळवलेली स्वतःची ढोलकी एका बटणात जाते. म्हणून आधी पॅडमधला डेटा फोनमध्ये उतरवून ठेवावा, मग नवा चढवावा. जे अ‍ॅप फक्त पाठवते आणि परत घेत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी महागच. ब्लूटूथवरून मिडी पाठवण्याचे प्रमाणित तंत्र 2015 पासून आहे आणि घरी ते छान चालते. पण हजार फोन खिशात असलेल्या गर्दीसमोर त्यावर विसंबण्यापेक्षा केबल बरी. खरे तर स्टेजवर काहीच पाठवू नये. एसपीडी-20 ला एकदा डेटा मिळाला आणि तो साठवला की फोनची गरज उरत नाही, हा त्या जुन्या यंत्राचा मोठा गुण आहे. दरमहा पैसे भरा, फोन जोडलेला ठेवा, नाहीतर पॅच मिळणार नाहीत, असे सांगणारे अ‍ॅप उद्या आले तर नकार तिथे द्यायचा.