पदवी माहेरची, अर्ज सासरचा

परभणीच्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलंय. वय ३५. बी.कॉम. झालं आणि त्याच उन्हाळ्यात लग्न उरकलं. थोरली सहावीत, धाकटा दुसरीत. घरचं खत-बियाण्यांचं दुकान. जमाखर्च, जीएसटी, उधारीची वसुली सगळं ह्याच पाहतात. विचारतात, "ताई, आता एम.बी.ए. करता येईल का? सासूबाई म्हणतात, लेक कॉलेजात जायच्या वयाची होत आली आणि आई कुठं निघाली?"

वयाचं आधी सांगते. एम.बी.ए.ला वयाची अट नाही. मधली वर्षं घरात गेली, त्याचंही काही अडत नाही. फार तर कॉलेज तसं प्रतिज्ञापत्र मागेल. अट आहे ती पदवीची. शाखा कोणतीही चालेल, पण किमान तीन वर्षांची पदवी आणि ५० टक्के गुण हवेत. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५. तुम्ही लिहिता, 'बावन्नच टक्के, सांगायला लाज वाटते.' अहो, दोन वरच आहेत की!

परभणी जिल्हा १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे आहे. विद्यापीठ जवळ आलं, पण कॉलेजात नियमित शिकायचं तर आधी राज्याची सीईटी द्यावी लागते आणि तिच्या गुणांवर प्रवेशफेरीत कॉलेज मिळतं. २०२५ च्या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट! चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. टक्केवारी, नफा-तोटा तुम्ही रोज गल्ल्यावर बसून करताच. सराव लागेल तो इंग्रजीचा आणि तर्काच्या कोड्यांचा.

खरी अडचण निराळीच. पदवी माहेरच्या नावाची, आधारकार्ड सासरच्या. माझंही असंच होतं. एका कचेरीत खिडकीमागच्या गृहस्थांनी मला विचारलं, "ह्या दोन बायका कोण?" तेव्हा विवाहनोंदणीचा दाखला आधीच काढून ठेवा आणि नावबदलाचं राजपत्रही असू द्या. राखीव प्रवर्गातल्या बहिणींनी आणखी एक ध्यानात ठेवावं. जातीचा दाखला वडिलांकडून येतो, आणि नॉन-क्रीमीलेअरसाठी उत्पन्न पाहतात ते आईवडिलांचं, नवऱ्याचं नव्हे. हे ठाऊक नसल्यानं पुष्कळजणी उगीच नवऱ्याच्या उत्पन्नाचे कागद गोळा करत बसतात.

आता माझं मत विचारता म्हणून सांगते. तुम्हाला नोकरी करायची नाही, दुकान वाढवायचंय. मग दोन मुलं आणि गल्ला सोडून रोज नांदेडची गाडी कशाला धरायची? १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, म्हणजे इग्नूचं एम.बी.ए. घरी बसून करता येतं. टक्क्यांची अट तीच, पण प्रवेशपरीक्षा नाही. दोन वर्षांचा अभ्यास चार वर्षांपर्यंत पुरवून करता येतो. पुस्तकं इंग्रजी, तेवढी तयारी ठेवा. एम.कॉम.चंही विचारलंत, त्यात हिशेब खोलवर शिकाल, पण माल किती भरावा, माणसं कशी सांभाळावी, बँकेपुढं कर्जाचा प्रस्ताव कसा मांडावा, हे तुम्हाला हवं असलेलं एम.बी.ए.त जास्त आहे.

मात्र 'सहा महिन्यांत डिग्री' म्हणत कुणी दारी आला तर त्याला चहासुद्धा विचारू नका. दूरशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे आयोगाच्या यादीत स्वतः पाहून मगच पैसे भरा.

गुणपत्रिका माहेरच्या ट्रंकेत राहिल्या म्हणता. पंचमीला जाल तेव्हा पहिल्या दिवशीच ती ट्रंक उघडा. तिन्ही वर्षांच्या हव्यात, नुसती शेवटच्या वर्षाची चालत नाही.