औषधांच्या डब्यातील रस्सीखेच

एखाद्या घरातील वयोवृद्ध गृहस्थांना विस्मरणाच्या विकारासाठी डोनेपेझिल सुरू होते. काही आठवड्यांत लघवीची घाई वाढते, कपडे ओले होऊ लागतात. दुसरे डॉक्टर त्यावर ऑक्सिब्युटिनिन लिहून देतात. ती तक्रार थोडी निवळते. परंतु आता ते रात्री उठून बसतात, घरातल्या माणसांना ओळखत नाहीत, नसलेल्या माणसांशी बोलतात. आजार बळावला असे सर्वांस वाटते आणि स्मृतीच्या गोळीची मात्रा वाढवली जाते. एक गोळी ज्या रसायनाचा साठा वाढवू पाहते, त्याच रसायनाची वाट दुसरी गोळी अडवते आहे, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या दवाखान्यांतील असल्यामुळे हे घडते, आणि ते विरळाही नाही.

हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. चेतातंतूंचा निरोप पुढील पेशीपर्यंत पोहोचवणारा हा सांगावाहक. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर केलेल्या प्रयोगातून त्याचा मागमूस लागला. एका हृदयाची चेता उद्दीपित करून त्याची गती मंद केली आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला. तेव्हा तेही मंदावले. निरोप रसायनाच्या रूपाने जातो हे सिद्ध झाले. हेन्री डेल यांच्यासमवेत लोवींना 1936 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲसिटिलकोलीन हृदयाचे ठोके मंद करते, लाळ आणि घाम आणते, आतडी हलती ठेवते, मूत्राशय आकुंचित करते, डोळ्याची बाहुली लहान करते. मेंदूत ते अवधान आणि स्मृतीच्या कामी येते. अल्झायमर विकारात ते तयार करणाऱ्या पेशी झडत जातात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलंटामिन ही औषधे त्याचे विघटन करणाऱ्या विकराला रोखतात, म्हणून उरलेले रसायन अधिक काळ टिकते. झडलेल्या पेशी त्यामुळे परत येत नाहीत. अपेक्षा बेताचीच ठेवावी. शिवाय औषध मेंदूपुरते थांबत नाही. मळमळ, जुलाब, लघवीची घाई, भीतिदायक ठसठशीत स्वप्ने आणि मंद नाडी हे त्याच परिणामाचे दुसरे अंग होय. मेटोप्रोलॉलसारखी हृदयाची गती कमी करणारी गोळी किंवा काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब चालू असतील, तर नाडी आणखी उतरून भोवळ येऊ शकते. डोळ्यांतल्या थेंबांना आपण औषध मानतच नाही, हा एक घोटाळाच आहे.

आता उलट बाजू. महाशिवरात्रीला वाहिल्या जाणाऱ्या धोत्र्यात ॲट्रोपिन असते. धोत्रा पोटात गेलेल्या माणसाचे तोंड कोरडे, अंग तापलेले, बाहुल्या विस्फारलेल्या आणि तोंडी असंबद्ध बडबड, हे चित्र जुन्या पिढीला ठाऊक असेल. (काही कीटकनाशकांच्या विषबाधेत मात्र हेच ॲट्रोपिन प्राण वाचवते, कारण तेथे ॲसिटिलकोलीन बेसुमार साचलेले असते.) धोत्र्याच्या या परिणामाची सौम्य आवृत्ती आपल्या घरातील पुष्कळ गोळ्यांत दडलेली असते. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन, खाजेवरचे हायड्रॉक्सिझिन, पोटातील मुरड्यावरचे डायसायक्लोमिन, झोपेसाठी वा नसांच्या वेदनेसाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन, कंपवातातील ट्रायहेक्सिफेनिडिल ही त्यांतली नेहमीची नावे. यांपैकी एखादीने तोंड थोडे सुकेल इतकेच. परंतु दोन-तीन एकत्र आल्या, की भार साचत जातो. बद्धकोष्ठ होते, दृष्टी धूसर होते, पुरःस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषांची लघवी अडते. घाम कमी येत असल्याने विदर्भातल्या मे महिन्यात उष्माघाताचा धोका वाढतो. आणि वृद्ध मेंदूत, जेथे शिल्लक आधीच कमी, तेथे गोंधळ आणि भ्रम उभा राहतो. त्यालाच आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो.

म्हणून दवाखान्यात जाताना चिठ्ठ्यांची चळत नको, डबाच न्यावा. त्यात थेंब, मलमपट्ट्या आणि दुकानातून विचारून आणलेल्या सर्दीच्या गोळ्याही असाव्यात. नवे औषध मिळाले की एक साधा प्रश्न विचारावा: “याने तोंड कोरडे पडते का?” उत्तर होकारार्थी असेल आणि घरात विस्मरणाचा रुग्ण असेल, तर पर्याय आहे का, हेही विचारावे. उदाहरणार्थ, लघवीच्या घाईसाठी मिराबेग्रॉन वेगळ्या मार्गाने काम करते. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो. नवी तक्रार एखादे औषध सुरू झाल्यानंतरच उद्भवली असेल, तर त्या दोन्ही तारखा वहीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. स्वतःहून मात्र काही बंद करू नये. ट्रायहेक्सिफेनिडिल एकाएकी थांबवल्यास ताठरपणा उसळतो.

लघवी पूर्ण अडून ओटीपोट दुखणे, डोळा लाल होऊन तीव्र वेदना व दिव्यांभोवती वलये दिसणे, एका दिवसात आलेला भ्रम किंवा भोवळ येऊन पडणे, यांपैकी काहीही घडल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तसेच शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डोनेपेझिल चालू असल्याचे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे. भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका स्नायुशिथिलकाचा परिणाम त्यामुळे लांबतो.