पूजा झाली, आता ऐकूया

अमरावती जिल्ह्यातल्या वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्याच्या दीड महिना आधी, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं होतं. कुणाच्या तरी सुबुद्धीनं ते ध्वनिमुद्रित झालं आणि म्हणून आज ते ऐकता येतं. ऐंशी वर्षांचा थकलेला आवाज, बोली अस्सल वऱ्हाडी. बाबा समोरच्यांना प्रश्न टाकतात, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेतात आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचतात. गजर कधी सुरू करायचा आणि कुठे तोडायचा, हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ मध्ये बाबांचं चरित्र लिहिलं, पुढे गो. नी. दांडेकरांनीही लिहिलं. दोन्ही पुस्तकं मोलाची आहेत. पण प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये बाबा किती वेळ थांबतात, हे त्या पुस्तकांतून कळत नाही. समोरचा माणूस विचारात पडतो तो त्या थांबण्यामुळे. ते ऐकावंच लागतं.

बाबा अभंग दुसऱ्यांचे गात. त्याच अमरावती जिल्ह्यात यावलीला १९०९ साली जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, स्वतः रचत, स्वतः चाल लावत आणि स्वतः खंजिरी वाजवत गात. माझं म्हणणं एवढंच आहे की, या माणसाला आपण संत म्हणून डोक्यावर घेतलं आणि गायक-कवी म्हणून ऐकायचं राहून गेलं. नागपूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, ग्रामगीतेची पारायणं होतात, मोझरीला अश्विन वद्य पंचमीला लाखो माणसं मौन पाळून त्यांना श्रद्धांजली वाहतात. हे सारं योग्यच आहे. मात्र त्यांच्या रचनेबद्दल, लयीबद्दल, चालींबद्दल आपण किती बोलतो? मराठी कवितेच्या चर्चेत त्यांचं नाव क्वचितच निघतं आणि संगीताच्या चर्चेत त्याहूनही कमी.

झोपडीतल्या सुखाचं त्यांचं भजन शाळेपासून सगळ्यांना पाठ असतं. त्याची बांधणी पाहा. तीन आखूड ओळींचं यमक जुळतं आणि चौथी ओळ दर कडव्याला तीच येते. ती येणार हे ऐकणाऱ्याला आधीच कळलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापासून अक्षरओळख नसलेला कास्तकारही गाणाऱ्याच्या बरोबरीनं ती उचलतो. शब्द रोजच्या बोलण्यातले, एकही अडणारा नाही. जमिनीवर पाठ टेकून आकाश पाहणाऱ्या माणसासमोर राजाचा महाल फिका पडतो, आणि तेही कुठे उपदेशाचा सूर न लावता. याला कारागिरी म्हणतात. खंजिरीचंही तसंच. एका हातात मावणारं वाद्य, चौकटीत झांजांच्या चकत्या, एका बाजूला कातडं. गाणाराच स्वतःचा ताल धरतो, म्हणून शब्द थांबवायचा की पुढे रेटायचा हे त्याच्याच हाती राहतं. तबलजीची वाट पाहावी लागत नाही, पेटी नसली तरी अडत नाही. गावोगाव फिरणाऱ्या माणसाला याहून सोयीचं काय असेल? १९३६ साली सेवाग्रामला गांधीजींसमोर हीच भजनं झाली, १९५५ साली ती जपानलाही पोचली. आणि १९४२ साली इंग्रज सरकारनं महाराजांना तुरुंगात टाकलं तेव्हा त्यांच्याजवळ हत्यार म्हणावं असं या भजनांखेरीज काही नव्हतं. सरकारला त्यांच्या गाण्याची ताकद आपल्या समीक्षकांच्या आधी समजली होती.

यावर पहिला आक्षेप भक्तांकडून येईल: महाराजांसाठी गाणं हे साधन होतं, साध्य नव्हे, त्यांना गायक म्हणणं म्हणजे त्यांना लहान करणं. साधन होतं हे कबूल. पण हे साधन त्यांनी आयुष्यभर घासून धारदार केलं, आणि रचनांमधून ‘तुकड्यादास’ अशी स्वतःची मुद्रा घातली. गाण्यावर नाव घालणारा माणूस ते आपलं मानत असतो. सिन्नरजवळच्या देशवंडीचे वामनदादा कर्डकही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ घालत. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार वस्त्यावस्त्यांत पोचवणारी त्यांची गाणी पुस्तकात यायच्या आधी हजारो तोंडी बसली होती. वामनदादांना कवी म्हटल्यानं चळवळ लहान होत नाही, मग तुकडोजींना कवी म्हटल्यानं संतपण कसं कमी होईल?

दुसरा आक्षेप जाणकारांचा: चाली साध्या, पुनरावृत्ती फार, रागविस्तार नाही, कागदावर वाचलं तर कविता पातळ. हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो अंशतः खरा आहे. सगळी भजनं सारख्या तोलाची नाहीत. काही प्रचारापुरतीच आहेत. पण लोकगायकाला कागदावर तपासणं हीच चूक आहे. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनला २०१६ साली साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हाही हाच वाद झाला होता. समितीनं त्याची रचना अमेरिकेच्या गाण्याच्या परंपरेत ठेवून पाहिली, एकटी काढून नव्हे. तिथल्याच जॉनी कॅश या गायकाचं उतारवयातलं गाणंही जगानं त्याच्या फाटत चाललेल्या आवाजासकट स्वीकारलं. त्या मुलखात म्हाताऱ्या गायकाचा आवाज ही जपायची वस्तू आहे. इतकंच नव्हे, तर लोकगीतं गोळा करणाऱ्या ॲलन लोमॅक्सनं १९४० साली लोकगायक वुडी गथ्रीला वॉशिंग्टनला बसवून त्याची गाणी आणि बोलणं सरकारी ग्रंथालयासाठी तासन्‌तास मुद्रित केलं. गथ्री तेव्हा तिशीचाही नव्हता. लोमॅक्सनं त्याच्या मोठेपणाची वाट पाहिली नाही.

कुणी म्हणेल, खंजिरी भजनाच्या स्पर्धा होतात, मंडळं गातात, परंपरा जिवंत आहे. आहेच, आणि गाणाऱ्यांचं श्रेय मोठं आहे. पण स्पर्धेत वेळ बांधलेली असते आणि गुण मिळवायचे असतात. सावकाश चढणारी लय तिथे तोट्यात जाते. चाल पिढीगणिक बदलते, ते स्वाभाविक आहे. फक्त आधी ती कशी होती, हे कुठेतरी राहायला हवं. महाराज १९६८ साली गेले. त्यांना समोर बसून ऐकलेली माणसं आज सत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत. अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं नाव आहे, नागपूरच्या विद्यापीठाला तुकडोजींचं. जुन्या चाली मुद्रित करून जपण्याचं काम या दोन नावांना शोभणारं आहे. विद्यापीठं ते हाती घेतील तोवर वलगाव, यावली, मोझरी आणि अकोल्यापर्यंतच्या गावांतल्या तरुणांनी आपल्या भजनी मंडळातल्या सर्वांत जुन्या गळ्याला या हिवाळ्यात मोबाईलवर मुद्रित करावं. सोबत गावाचं नाव, तारीख आणि ती चाल कुणाकडून शिकली हे त्यांच्याच आवाजात घ्यावं.