आपल्या शब्दांत म्हणजे कुणाच्या?

शाळेत 'आपल्या शब्दांत लिहा' म्हटलं की आपण काय करायचो? 'सूर्या'चा 'रवी', 'पाण्या'चं 'जल'. मार्कही मिळायचे! ऑफिसातही आपण तेच करतो. याला फाइंड-रिप्लेस म्हणतात राव.

२०२३ च्या खरिपात पीक विम्याची अट होती: शेतात पाणी साचून नुकसान झालं तर ७२ तासांत 'पूर्वसूचना' द्यायची. आता तीर्थपुरीच्या कापूसवाल्या शेतकऱ्याला कुणी 'विहित मुदतीत पूर्वसूचना द्यावी'चं 'ठरलेल्या वेळेत आगाऊ कळवावं' करून दिलं, तर? आकडा गायब, आणि कळवायचं नुकसान व्हायच्या आधी! बिचाऱ्याने काय पंचांग बघायचं?

मूळ मजकूर दोनदा वाचा, झाकून ठेवा आणि तो शेतकरी समोर बसलाय असं समजून बोला. मगच लिहा. लांबलं तर लांबू द्या. ज्ञानेश्वरांनी गीतेच्या ७०० श्लोकांवर सुमारे ९,००० ओव्या लिहिल्या. शेवटी मूळ उघडून आकडे, अटी आणि प्रत्येक 'नाही' ताडून बघा.

माझा पहिला खर्डा 'तीन दिवसांत कळवा' असा होता. तोही चुकलाच, कारण पहिला दिवस धरायचा की सोडायचा? म्हणून: 'भाऊ, मंगळवारी संध्याकाळी सहाला पाणी शिरलं, तर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवा.'